उणे पन्नास फूट

जुहूच्या विमानतळाला लागून इर्ल्याचा नाला वाहतो. तीस वर्षं मी त्याच्या वासात जेवणाचा डबा खातोय, त्यामुळे घाण वासाचं मला फारसं काही वाटत नाही. पण बुधवारी सकाळी त्या सहा सीटच्या विमानाचं पॅनेल उघडलं आणि मी झटकन मागे सरकलो. कुजक्या मासळीचा आणि खाडीतल्या चिखलाचा वास होता, आणि तो बाहेरून येत नव्हता.

“ह्यो वास खयसून येता?” दशरथने नाकाला रुमाल लावला. दशरथ माझा मेकॅनिक, मालवणकडचा, सुक्या मासळीच्या घरात वाढलेला. त्याने नाक धरलं म्हणजे बघा.

“उंदीर मेला असेल.”

“उंदराचो असो वास येना नाय, ॲलन.”

काम तसं सरळ होतं. नवीन नियम आल्यापासून लहान विमानांनाही असा ट्रान्सपॉन्डर लागतो, जो कुणी न विचारता दर सेकंदाला सांगत राहतो की मी कोण, कुठे आणि किती उंचीवर. प्रत्येक विमानाला सहा अक्षरी कोड मिळतो, आपल्या आधार नंबरसारखा, त्याचा एकट्याचा. जुना डबा काढायचा, नवा बसवायचा, पोटाखाली अँटेना लावायची, कोड भरायचा, आणि हातातल्या रिसीव्हरवर तपासायचं की विमान स्वतःबद्दल खरं बोलतंय. मग माझी सही. माझ्या सहीशिवाय ते विमान हलत नाही.

शनिवारी ते यव्होन रत्नागिरीला नेणार होती, समुद्रावरून. यव्होन म्हणजे आमचा जुना पायलट गॅविन, त्याची मुलगी. आमच्या आंबोली गावठाणात माझ्या दोन घरं पलीकडे राहते. सत्तावीस वर्षांची आहे, पायलट म्हणून ही तिची पहिली नोकरी, आणि ही नोकरी मीच तिला लावून दिली.

पॅनेलमागच्या वायरींवर ओला काळा चिखल होता. विमान सोमवारी उडून आलेलं, हँगर कोरडा ठणठणीत. मी कापसाने पुसत गेलो. चिखलात बारीक खवले होते, नखात अडकत होते. साबणाने तीनदा हात धुतले तरी दुपारी चपातीला तोच वास आला. चपाती मी कुत्र्याला घातली. त्यानेही ती खाल्ली नाही.

जेवणानंतर किरण आला. किरण आमचा मॅनेजर. इस्त्रीचा शर्ट, आणि आवाजात सदा तूप.

“ॲलन, शेपटीतल्या बीकनची बॅटरी एक्स्पायर झालीय ना? नवीन अजून कस्टममध्ये अडकलीय यार. तू हे लाव.” त्याने छापलेला स्टिकर माझ्या हातात ठेवला. नोव्हेंबर २०२९.

बीकन म्हणजे विमान पडलं की आपोआप ओरडणारी पेटी. तिच्या आवाजावर माणसं शोधता येतात. तिची बॅटरी ठरलेल्या मुदतीत बदलावीच लागते. पण ती शेपटीच्या पोकळीत असते, तपासायला येणारे साहेब तिथे सरपटत शिरत नाहीत, बॅटरी परदेशातून यायला महिने लागतात. म्हणून आमच्या हँगरमध्ये बॅटरी नाही, स्टिकर बदलतो. आम्ही त्याला ‘तारीख पुढे ढकलणं’ म्हणतो. त्या शब्दांची मला आता शिसारी येते.

“शनिवारच्या आत नवा ट्रान्सपॉन्डर पास झाला पाहिजे,” किरण म्हणाला. “सगळे तोच बघणार. बाकी टेन्शन घेऊ नको.”

मी स्टिकर खिशात टाकला. नाही म्हणालो नाही, हे लिहायला लाज वाटते, पण तसंच झालं.

तीन वाजता विमान उन्हात ढकललं आणि पहिली टेस्ट घेतली. रिसीव्हरच्या पडद्यावर आमचं विमान आलं. कोड बरोबर, ठिकाण जुहू, उंची बरोबर. त्याच्याखाली आणखी एक ओळ आली.

कोड दुसरा होता. ठिकाण वर्सोव्याच्या पश्चिमेला सात मैलांवर, समुद्रात. उंची उणे पन्नास फूट. वेग शून्य.

“पाण्याखाली?” दशरथ म्हणाला. “रिसीव्हर गंडलो.”

मी नावाचा रकाना वाचत होतो. तिथे विमानाचा नंबर असतो. इथे एक तारीख होती. ऑगस्ट २०२१.

मी टेस्ट बंद केली आणि नाल्याच्या भिंतीपाशी जाऊन ओकलो.

गॅविनचं विमान नोव्हेंबर २०१९ मध्ये समुद्रात गेलं. आमच्याच हँगरमधलं, त्याच्याच हातात. बीकन वाजलाच नाही. चार दिवस गोराईपासून उत्तनपर्यंत शोधलं, पुढे वर्सोव्याच्या कोळ्यांच्या जाळ्यात सीटची एक उशी आली, बस. प्रेत नाही म्हणून त्याची बायको उर्सुला अजून त्याच्या नावाची अंत्यविधीची मिस्सा होऊ देत नाही. बीकन का वाजला नाही, हे चौकशीत निघालं नाही, कारण बीकन विमानासोबत बुडाला होता. त्याच्यावर स्टिकर होता, ऑगस्ट २०२१. छपाईचं मशीन बिघडलं होतं म्हणून मी तो माझ्या हाताने, मार्करने लिहिला होता. हे फक्त मला माहीत होतं. किरणने तारीखसुद्धा विचारली नव्हती.

कोड मी रजिस्टरमध्ये पाहिला. गॅविनच्याच विमानाचा. पण त्या विमानात असा ट्रान्सपॉन्डर कधी बसलाच नव्हता. २०१९ मध्ये आमच्याकडे तसा एकही डबा नव्हता.

गुरुवारी सकाळी मी रिसीव्हर बदलला. दुसऱ्या हँगरमधून उसना आणला. तीच ओळ. उणे पन्नास फूट. ऑगस्ट २०२१. दर सेकंदाला, न थकता.

पुसलेला चिखल परत आला होता. आता तो शेपटीकडून येत होता.

“मी आत जावचंय नाय,” दशरथने स्पष्ट सांगितलं. “माका पोरांबाळा आसत.”

मी एकटाच सरपटत शिरलो. शेपटीच्या पोकळीत कोपर टेकवलं की चिखलात बुडत होतं. वास इतका दाट, की तोंडाने श्वास घेतला तर जिभेवर बसायचा. बीकनची पेटी मात्र स्वच्छ, नारिंगी. खिशातला स्टिकर काढला. का काढला, मलाही सांगता येत नाही. घाबरलेला माणूस सवयीचं काम करतो. आज ढकललेली तारीख उद्या कुणाच्या लक्षात राहते, असंही मनात आलं. इतका मी नालायक. जुन्या तारखेवर नवी तारीख दाबून बसवली आणि मागे सरकत बाहेर आलो.

यव्होन येऊन उभी होती. हातात स्कूटरचं हेल्मेट, तोंडावर हसू.

“काय ॲलन अंकल, झकास झालं ना? शी! तुमच्या अंगाला कसला वास येतोय?”

“शेवटची टेस्ट,” मी म्हणालो.

पडद्यावर आता तीन ओळी होत्या.

पहिली आमच्या विमानाची, जुहूत. दुसरी गॅविनची.

तिसरीचा कोड आमच्या विमानाचा होता. जे विमान माझ्यासमोर उभं होतं, ज्याच्या पंखाला यव्होन टेकली होती, त्याचा. ठिकाण समुद्रात, गॅविनच्या ठिकाणाला लागून. उंची उणे पन्नास फूट.

नावाच्या रकान्यात नोव्हेंबर २०२९.

मी रिसीव्हर तिच्या हातात कोंबला आणि परत शेपटीत शिरलो. स्टिकर निघत नव्हता. नखांनी ओरबाडला, दातांनी ओढला. तोंडात तो चिखल आला आणि मी तो थुंकलासुद्धा नाही. तुकड्यातुकड्याने सगळा काढला, बीकनच्या पेटीवर मोठ्या अक्षरात ‘बाद’ लिहिलं, आणि विमानाच्या दारावर लाल टॅग अडकवला.

“हे विमान उडणार नाही,” मी म्हणालो. “मी सही करणार नाही. दुसऱ्या कुणी केली तरी तू बसू नकोस.”

“अंकल, शनिवारचं उड्डाण आहे माझं. झालं काय?”

मग मी तिला सांगितलं. बॅटरी, मार्कर, ऑगस्ट २०२१, सगळं. उन्हात उभं राहून, दशरथच्या देखत. तिच्या चेहऱ्यावर राग येईल असं वाटलं होतं. आली ती किळस. माझ्याकडे ती तशी बघत होती जशी मी दोन दिवस त्या चिखलाकडे बघत होतो.

“म्हणजे पप्पा ओरडत होते,” ती शेवटी म्हणाली, “आणि कुणाला ऐकू येऊ नये याची सोय तू केलीस.”

आयुष्यात पहिल्यांदा तिने मला अरे-तुरे केलं. मी मान हलवली.

तिने रिसीव्हर वर धरला. तिसरी ओळ गेली होती. दुसरी होती.

“हे ठिकाण बरोबर आहे? इथेच आहेत ते?”

“हो.”

तिने अक्षांश-रेखांश फोनमध्ये टिपून घेतले. “वर्सोव्याचा कोळी जॉनी बोट काढेल. मम्मीला मी सांगते.” मग ती थांबली. “अंकल, हे बदललं.”

मी पाहिलं. नावाचा रकाना कोरा झाला होता.

उंची उणे पन्नासवरून उणे पंचवीस झाली. असा डबा उंची पंचवीस-पंचवीस फुटांनीच सांगतो.

दशरथने छातीवर क्रॉस केला. तो हिंदू आहे, पण केला.

मग शून्य.

आता फक्त नाल्याचा नेहमीचा वास येत होता, आणि त्या क्षणी मला तो चक्क बरा वाटला.

“आता वेग आला,” यव्होन हळूच म्हणाली.

दोन नॉट. दिशा पूर्व, आमच्याकडे. विमान इतकं हळू जात नाही, बोटही सहसा जात नाही. दोन नॉट म्हणजे माणूस चालतो तेवढा वेग.