दहा मिनिटं फोन बंद

तो दारात उभा राहिला, तेव्हा त्याच्यावर ओरडायचं मी आधीच ठरवून ठेवलं होतं. चार दिवस तक्रार करत होते आणि आज शनिवारी, ऑक्टोबरच्या भर उन्हात, माणूस उगवला होता. पण तीन जिने चढून आलेला तो... इतका दमलेला दिसत होता की शब्द ओठांवरच राहिले.

"आधी बसा," मी म्हणाले. "मग भांडते."

तो खरंच बसला. "सकाळपासून नऊ घरं झाली, मॅडम. बसा म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्या."

त्याचं नाव गंधार. आमच्या लालबागच्या चाळीला नेट देणाऱ्या कंपनीचा माणूस. मी उर्वी, विम्याचे क्लेम घरून तपासते. घरून, कारण अर्धांगवायूचा झटका आल्यापासून माझ्या वडिलांना, अप्पांना, आधाराशिवाय उठता येत नाही. आणि आता ऑफिसने फर्मावलं होतं – घरच्या नेटचा स्पीड किमान पन्नास असल्याचा रिपोर्ट द्या, नाहीतर पुढच्या महिन्यापासून ऐरोलीच्या ऑफिसात या. माझ्या मोबाईलवर तो अकराच्या पुढे सरकत नव्हता. मी ऐरोलीला गेले तर अप्पांना दिवसभर कोण बघणार? या एका प्रश्नाने माझी झोप उडाली होती.

"मोबाईलवर मोजलेलं धरत नाहीत," गंधार म्हणाला. "लॅपटॉपला केबल लावायची, बाकी सगळं बंद करायचं, वेगवेगळ्या वेळी मोजायचं. निदान तीन दिवस." मग राउटरवरची यादी बघून तो थबकला. "घरात माणसं किती?"

"दोन."

"फोन चौदा दिसतायत. आणि तीन टीव्ही."

मी अप्पांकडे वळले. त्यांनी पेपर तोंडासमोर धरला. पासवर्ड त्यांनी मजल्यावर सगळ्यांना वाटला होता. कुणी विसरू नये म्हणून शेजारच्या सीमाकाकूंकडून तो जिन्याजवळच्या फळ्यावर लिहूनही घेतला होता, पाण्याच्या वेळेखाली.

"सीमा रोज मला भाकरी करून देते," पेपरामागून आवाज आला. "तिला नेट नाही म्हणू?"

गंधार हसला. दमलेला माणूस हसला की जरा जास्तच छान दिसतो, हे मला त्या दिवशी कळलं. मग तो गॅलरीत गेला आणि ओरडला, "दहा मिनिटं सगळ्यांनी फोन, टीव्ही बंद करा. स्पीड मोजायचाय."

मजला एकदम शांत झाला. लॅपटॉपवर आकडा आला, ब्याण्णव. माझे डोळे भरून आले.

"रिपोर्टात हाच लिहून टाका ना."

"एकदा आलेला आकडा फसवतो. पुढे चुकीचा निघाला तर ऐरोलीला तुम्हालाच जावं लागेल."

बरोबर होतं त्याचं. रविवारी संध्याकाळी अडतीस आला. तो तासभर वायर चाचपत राहिला आणि शेवटी गॅलरीतला गंजलेला जोड सापडला. तो बदलला, त्याच लाईनवरून मजल्यासाठी नेटचा छोटा वाटा वेगळा काढून दिला, आणि सोमवारी एक्याण्णव आला. तरी तो मंगळवारी आला, बुधवारी आला, गुरुवारीही. मोजायचा, चहा घ्यायचा, निघताना म्हणायचा, "उद्या एकदा बघू..." मीही म्हणायचे, "बघायलाच हवं."

शुक्रवारी त्याने केबल लावली आणि सरळ खुर्चीत बसला. बाजूला सीमाकाकूंची मालिका जोरात चालू होती.

"आज कुणाला फोन बंद करायला नाही सांगितलं?"

तो गडबडला. "राहिलंच..."

"मग आजचा आकडा चुकीचाच येणार."

"हो." त्याने मान खाली घातली. "खरं सांगू? रिपोर्ट मी मंगळवारीच पाठवला."

"माहीत आहे. ऑफिसची परवानगी बुधवारीच आली."

अप्पांच्या पेपरचं पान उलटायचं थांबलं.

"मग का येत राहिलास?" 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, मला कळलंच नाही.

"दिवसभरात बसायला मिळते ती ही एकच खुर्ची." तो थांबला. "नाही... खुर्चीसाठी नाही. तुझ्यासाठी."

काहीतरी खोडसाळ बोलावं असं मनात होतं. पण मीही दमलेच होते. आई गेल्यानंतरची चार वर्षं मी एकटीच सगळं उचलत होते, आणि खोटं बोलायला अंगात जोर लागतो.

"मलाही तू आवडतोस," मी म्हणाले. "बस, चहा टाकते."

चहा घेऊन आले तर हा भिंतीला डोकं टेकून गाढ झोपलेला. प्रेमाची कबुली देऊन पाच मिनिटांत झोपणारा माणूस माझ्याच वाट्याला यायचा होता. मी कपावर बशी झाकली आणि गॅलरीत गेले.

"दहा मिनिटं सगळ्यांनी फोन, टीव्ही बंद करा."

सीमाकाकूंनी दारातून आत डोकावून पाहिलं, आणि मालिका अर्ध्यात असूनही सगळ्यांत आधी स्वतःचा टीव्ही बंद केला.