शेवटून दुसरी गाडी

"अहो, तो कप उचला आधी! माझी गाडी काय खानावळीचं टेबल वाटली तुम्हाला?"

टेसाचा आवाज पेट्रोल पंपाच्या पार त्या टोकापर्यंत गेला. तिच्या हिरव्या गाडीच्या बॉनेटवर कॉफीचा कप ठेवून एक उंच तरुण वाकून बुटाची नाडी बांधत होता. तो दचकला, वर येताना त्यानं गाडीच्या आरशावर डोकं आपटून घेतलं… आणि कपाळ चोळत चोळत हसला.

"चुकलं. पण गाडीच इतकी देखणी आहे, की कपालासुद्धा मोह आवरला नाही."

"कप स्वतःच्या पायांनी चढला वाटतं?"

"नाही. हात माझा होता, कबूल आहे." त्यानं कप उचलला आणि खाली उमटलेलं ओलं कडं शर्टाच्या बाहीनं पुसायला लागला.

"बाहीनं नको! चरे पडतात!"

तिनं मऊ फडकं पुढे केलं. ते घेताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली. कॉफीच्या कपानं तापलेली, ऊबदार. टेसानं हात मागे घेतला, जरा जास्तच चटकन.

ऑक्टोबरातला रविवार होता. अमेरिकेतल्या ब्लू रिजच्या डोंगरांवर झाडं लाल-पिवळी झाली, की जुन्या उघड्या गाड्यांचा क्लब एक दिवस डोंगर फिरून यायचा आणि पलीकडच्या तळ्याकाठी एकत्र जेवायचा. टेसाची गाडी तिच्या वडिलांची. बापलेकीनं कितीतरी हिवाळे गॅरेजमध्ये घालवून ती एकेक स्क्रू करत उभी केली होती. आता वडिलांना नीट दिसत नव्हतं, म्हणून गाडी टेसाकडे आली, आणि गाडीबरोबर वडिलांची जागाही आली. तांड्यातली सगळ्यात शेवटची. कुणी मागे पडलं, कुणाची गाडी बिघडली, तर त्याच्यापाशी थांबायचं हे शेवटच्या गाडीचं काम. क्लबात तिला 'शेपूट' म्हणत.

क्लबच्या अध्यक्ष डार्लीनबाई सगळ्यांना वॉकीटॉकी वाटत वाटत तिच्यापाशी आल्या. साठी उलटलेली ही बाई, पण आवाज असा, की वॉकीटॉकी नसती तरी चाललं असतं.

"पोरी, हा हॉलिस पेनलंड. नवा आहे. त्याला तुझ्या पुढ्यात ठेवते. लक्ष ठेव."

"कपावर की माणसावर?"

"दोन्हीवर!" असं म्हणून बाई खिदळत पुढे गेल्या.

चढ सुरू झाला. हवेत गारवा होता, ओल्या पानांचा वास होता, आणि वळणावळणाला समोर त्याची निळी गाडी उन्हात शिरत होती, सावलीत बुडत होती. टेसाच्या लक्षात आलं, हा प्रत्येक वळणावर ब्रेक दाबतोय. गरज असो वा नसो.

वॉकीटॉकी खरखरली. "शेपटीबाई… मागून कसा दिसतोय मी?"

"तुमचे ब्रेकचे लाल दिवे दिसतात. सारखेच दिसतात."

"म्हणजे तुमची नजर हलत नाहीये तर माझ्यावरून!"

"डोळे रस्त्यावर आहेत माझे. तुम्ही मध्ये येताय."

"पोरांनो," डार्लीनबाईंचा आवाज आला, "हे सगळ्यांना ऐकू येतंय हं. चालू द्या, आमची ना नाही. जरा मोठ्यानं बोला, एवढंच."

टेसाचे कान तापले. आरशात नजर गेली तर आपण हसतोय, हे तिला तेव्हा कळलं.

माथ्यावर सगळे थांबले. हॉलिस कागदी पिशवीत उकडलेल्या शेंगा घेऊन तिच्याजवळ आला. दोघं दगडी कठड्यावर टेकले. खाली दरीत ढग साचत होते, हळूहळू वर चढत होते. खारट पाणी बोटांवरून ओघळत होतं आणि शेंगा इतक्या गरम, की फुंकर मारत खाव्या लागत होत्या.

"एक सांगू?" टेसा म्हणाली. "आता उतार आहे, लांबलचक. सारखा ब्रेकवर पाय ठेवलात तर ब्रेक तापतील. खालच्या गिअरमध्ये गाडी सोडायची. जुन्या गाडीला दमवायचं नाही."

"जी बाईसाहेब."

"हसू नका. मी खरंच सांगतेय."

"मीही खरंच ऐकतोय." त्यानं एक शेंग सोलली. मग म्हणाला, "मी इथल्या ट्राउट माशांच्या केंद्रात काम करतो. पिल्लं वाढवतो, नदीत सोडतो. पार तिकडे दूर मोंटानात एका मोठ्या केंद्रानं बोलावलंय. शुक्रवारपर्यंत कळवायचं आहे… कदाचित हे डोंगर मी शेवटचेच बघत असेन."

टेसाच्या हातातली शेंग तशीच राहिली. सकाळपासूनची तर ओळख!

"इथं राहायला तसं काही कारण सापडलं नाही अजून," तो तिच्याकडे बघत म्हणाला. "म्हणजे… आज सकाळपर्यंत तरी."

आता काहीतरी बोलायला हवं होतं. पण टेसाला मागता येत नसे. कुणाकडे काही मागायचं म्हटलं, की तिची जीभ टाळ्याला चिकटायची आणि तोंडून भलतंच यायचं.

"मग जा की," ती म्हणाली. "तुम्हाला अडवलंय कुणी?"

त्याचं हसू विझलं. शेंगांची पिशवी कठड्यावर ठेवून तो उठला. "खरंय. कुणी नाही."

उतार लागला तेव्हा दरीतले ढग रस्त्यावर आले होते. निळी गाडी समोर दिसायची, विरायची, परत दिसायची. वॉकीटॉकीवर आता त्याचा एक शब्द नव्हता. टेसानं दोनदा बटणावर बोट ठेवलं, दोनदा काढलं. काय बोलणार? जिभेला हाड नाही तुझ्या, टेसा लेडफर्ड…

मग तिला वास आला. करपल्याचा, कडवट. आणि धुक्यात ते लाल दिवे… विझत-पेटत नव्हते. सतत पेटलेले होते.

"हॉलिस? ब्रेक करपतायत तुमचे. जागा दिसली की बाजूला घ्या."

"ठीक आहे सगळं," कोरडं उत्तर आलं.

तेवढ्यात डार्लीनबाई बोलल्या, "सगळे ऐका. खाली जुन्या चर्चच्या वळणापुढे रस्त्याचं काम चाललंय. झेंडेवाल्यानं थांबवलंय. आम्ही सगळे एकामागे एक उभे आहोत. सावकाश या."

समोरची निळी गाडी मात्र सावकाश होत नव्हती. उलट तिच्यातलं आणि टेसातलं अंतर वाढत होतं.

"टेसा…" पहिल्यांदाच त्यानं तिला नावानं हाक मारली. आवाज अगदी हलका होता. "पेडल पार खाली टेकतंय. काही लागत नाहीये."

जुन्या चर्चचं वळण फार लांब नव्हतं. अलीकडे दरी, पलीकडे उभ्या गाड्या, आणि गाड्यांत माणसं.

"गिअर कुठला आहे?"

"निसटलाय. दुसरा पडत नाही. नुसता खरखरतोय."

"हँडब्रेक?"

"ओढला. तारच तुटली बहुतेक."

"हॉलिस, ऐक. दुसऱ्याचा नाद सोड. क्लच दाब, गिअर मधे आण, क्लच सोड, अ‍ॅक्सिलरेटर एकदा जोरात दाबून सोड आणि परत क्लच दाबून तिसरा टाक. आत्ता!"

धुक्यात इंजिन कळवळल्यासारखं ओरडलं. खरखर… खरखर… आणि मग खट्.

"पडला! तिसरा पडला!"

"शाब्बास. पण तेवढ्यानं थांबणार नाहीस तू. डार्लीनबाई! झेंडेवाल्याला सांगा, खालून एकही गाडी वर सोडायची नाही. आणि सगळे गाड्यांतून उतरा!"

"धावले गं मी, पोरी!" बाईंचा श्वास लागला होता.

"हॉलिस, मी तुझ्या डावीकडून पुढे येतेय. तुझ्या पुढ्यात आले, की हळूच माझ्या गाडीला मागून टेक. मग मी दोघांसाठी ब्रेक लावते."

"टेसा, तुझी गाडी—"

"गाडी गेली खड्ड्यात!"

"तसं म्हणू नकोस," त्याचा कापरा आवाज आला, "खड्डा उजव्या हातालाच आहे."

हसावं की रडावं तिला कळेना. तिनं गाडी डाव्या बाजूला काढली, धुक्याच्या पांढऱ्या भिंतीत. क्षणभर दोघं शेजारी शेजारी होते. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, ओठ घट्ट मिटलेले होते, आणि डोळे रस्त्यावर नव्हते. तिच्यावर होते.

"पुढे बघ!" ती ओरडली आणि त्याच्या पुढ्यात शिरली.

पहिला धक्का बसला तेव्हा तिचे दात एकमेकांवर आपटले. मागून पत्रा किंचाळला. तिनं ब्रेकवर पाय टेकवला, हळू… वडिलांनी शिकवलं होतं तसा, अंडं फुटू नये असा. गाडीची मागची बाजू वळवळली. तिनं ब्रेक सोडला, सावरली, परत दाबला. दोन्ही गाड्या एकमेकींना चिकटून घसरत होत्या, आणि धुक्यातून चर्चचं पांढरं टोक वर येत होतं. तिनं आता सगळा भार पायावर टाकला. रबराचा वास, धूर, मागून त्याच्या इंजिनाची ओरड… आणि मग काहीच नाही. इंजिनं बंद. पानांवरून पाणी ठिबकत होतं, तेवढाच आवाज.

टेसानं चाकांखाली दगड लावले. ती रस्त्याकडेच्या ओल्या गवतात मटकन बसली. हॉलिस आला आणि तिच्या शेजारी, अगदी तसाच, कोसळल्यासारखा बसला. हिरव्या गाडीची मागची बाजू चेंबून गेली होती. टेसानं तिकडे एकदा पाहिलं आणि नजर परत त्याच्याकडे वळवली.

"आधी बोलला का नाहीस?" ती ओरडलीच. "वास येत होता ना तुला? जीव गेला असता तुझा!"

"येत होता. पण सांगितलं असतं, तर तू म्हणाली असतीस, मी बजावलं होतं ना… आणि माथ्यावर तुझं ते बोलणं ऐकून आलो होतो. परत तुझ्याकडून काही ऐकायची ताकद नव्हती." त्यानं थरथरणारे हात मांड्यांखाली दाबून धरले. "थोडी भीती वाटली की मी विनोद करतो, टेसा. फार वाटली की गप्प बसतो."

वॉकीटॉकी दोन्ही गाड्यांत ओरडत होत्या. ती उठली, "दोघं धड आहोत" एवढं सांगितलं, आणि बटण बंद करून परत त्याच्याजवळ येऊन बसली.

"मला मागता येत नाही," ती गवताकडे बघत म्हणाली. "काही मागायची वेळ आली, की मी टाकून बोलते. तुला बोलले तसं. पण आत्ता तू त्या धुक्यात दिसेनासा झालास ना… तेव्हा मला…" तिनं गवताची एक काडी मोडली. "मोंटानाला नको जाऊस. कारण विचारू नकोस, मला नीट सांगता येणार नाही. नको जाऊस एवढंच."

तो चेंबलेल्या हिरव्या गाडीकडे बघत राहिला.

"आत्ता हो, राहतो म्हटलं," तो शेवटी म्हणाला, "तर तुला वाटेल, घाबरलाय म्हणून म्हणतोय. आणि मलाही तसंच वाटेल."

"मग कधी म्हणशील?"

"जेवल्यावर. भरल्या पोटी मी खोटं बोलत नाही."

"आणि नाही म्हणालास तर?"

"तेही जेवल्यावर."

निळी गाडी तिथंच कडेला ठेवून ती त्याला शेजारी बसवून तळ्याकाठी घेऊन गेली. तिथं पोचल्यावर सगळ्यांनी मिठ्या मारल्या, डार्लीनबाई रडल्या, रडता रडता दोघांना शिव्या दिल्या आणि बाकावर बसवून वाढायला लागल्या. धुरावर शिजवलेलं मांस, गोडसर घेवडा, मक्याचा पाव.

टेसा घास नुसताच ताटात फिरवत होती. हॉलिस मात्र जेवत होता. सावकाश, मन लावून. पाव मोडायचा, रश्श्यात बुडवायचा, चावायचा. दुसऱ्यांदा मांस घेतलं. परत घेवडा घेतला. टेसा टेबलाखाली बोटं पिळत बसली. हा माणूस मुद्दाम करतोय का? की खरंच काही ठरत नाहीये त्याचं? त्यानं एकदाही तिच्याकडे पाहिलं नव्हतं. नाहीच म्हणणार हा. नाही म्हणायचं असलं, की माणसं अशीच ताटात बघतात…

"आणखी वाढू, बाळा?" डार्लीनबाई डाव घेऊन उभ्या राहिल्या.

"नको," हॉलिस म्हणाला. "पोट भरलं."

त्यानं काटा ताटात ठेवला. तोंड पुसलं. आणि मग टेसाकडे वळला, अख्ख्या क्लबच्या देखत.

"हो," तो म्हणाला.

"हो कशाला? आत्ता तर नको म्हणालास!" डार्लीनबाई गोंधळल्या.

त्यांना उत्तर द्यायला कुणाला सवड नव्हती. टेबलाखाली टेसानं त्याचा हात शोधला होता. तो आता अजिबात थरथरत नव्हता. थरथरत होता तो तिचा.