मायक्रोस्कोपचा सैल स्क्रू

"अहो दादा, सांभाळून! वीस हजार वर्षं सांडतील!"

कॉलेजच्या जिन्यात मल्हारीचा धक्का लागला आणि तेजलच्या हातातली डबी कशीबशी वाचली. पण 'दादा' ऐकून मल्हारीचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं झालं. नाशिकमधल्या कॉलेजांचे मायक्रोस्कोप दुरुस्त करणारा हा गडी त्या दिवशी तिच्याच प्रयोगशाळेत निघाला होता.

"काय आहे डबीत?"

"समुद्राच्या तळाचा गाळ."

"का? गोदावरीचा कमी पडला, मॅडम?"

ती खळखळून हसली... आणि झालं, मल्हारी कामातून गेला!

तिने त्याला भिंगाखाली दाखवलं. वाळूच्या कणाएवढे शिंपले! त्यांच्यातली रसायनं तपासली की वीस हजार वर्षांपूर्वीचा समुद्र किती उबदार होता, ते कळतं म्हणे.

"आणि समोरच्या माणसाच्या मनातलं?"

"त्याचं यंत्र अजून निघायचंय," ती डोळे मिचकावत म्हणाली.

दुरुस्ती झाली. पण निघताना पठ्ठ्याने एक स्क्रू जरासा सैलच ठेवला. आठवड्याने तिचा फोन आला. मग पुन्हा आला. चार महिने असंच चाललं. ती ओल्या ब्रशाच्या टोकाने एकेक शिंपला उचलायची, आणि हा वेडा तिची बोटं बघत बसायचा.

मार्चमध्ये एकदा ती रडवेली दिसली.

"तपासणीचे आकडे चुकलेत. भिंग सरकायचं ना, दोन जातींचे शिंपले मिसळले. शनिवारपर्यंत नवे नमुने तपासणीला गेले नाहीत, तर जर्मनीतली संशोधनाची जागा गेली."

मल्हारीला कळलं, हा त्याच स्क्रूचा प्रताप. आता गप्प बसलं की ती इथेच राहणार होती, नाशकात, डोळ्यांसमोर!

"स्क्रू... मीच सैल ठेवायचो. तुम्ही बोलवावं म्हणून."

"चार महिन्यांचं काम रे माझं!" तिचे डोळे भरले. "एकदा सांगून तरी बघायचंस... मी नुसत्या चहालाही बोलावलं असतं."

त्याने खाली मान घालून स्क्रू घट्ट केला. पाच दिवस ती शिंपले निवडत होती, तो बाहेर बाकावर बसून होता. नमुने गेले, आकडे जुळले, जागा मिळाली.

नाशिक रोडला सकाळच्या गाडीच्या दारात ती उभी राहिली.

"तीन वर्षं आहेत, मल्हारी. थांब म्हण ना एकदा."

"जा, मॅडम. गाडी सुटतेय."

गाडी देवळालीकडे दिसेनाशी झाली. प्लॅटफॉर्म रिकामा झाला. तेव्हा कुठे त्याच्या तोंडून शब्द फुटला —

"थांब ना गं, तेजल."