मडमेची टोपी, महिपतीचा पटका

बाजारातून येताना कुरवंड्याच्या चढावर वाऱ्यानं माझं सूप उडवलं आणि ते महिपतीनं धरलं. परत देईना.

“वाऱ्यानं मला दिलंय,” म्हणाला.

तो रेल्वेच्या कारखान्यात कामाला, इंग्रजी वाचणारा. मी मोठ्या नावाच्या घरातली विधवा सून. नाव मोठं म्हणून विधवेचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लावत नाहीत. पोट रिकामं म्हणून तिलाच लोणावळ्याला मडमेची भांडी घासायला पाठवतात.

शेजारची मडम नवऱ्याला सोडून गेली, तेव्हा आमची मडम नाक मुरडून काहीतरी म्हणाली होती... बॉनेट, विंडमिल. ते मी त्याला विचारलं. पुढच्या बाजारी तो जुनं पुस्तक धुंडाळून आला. म्हणाला, टोपी पवनचक्कीपल्याड भिरकावणं, म्हणजे बाईनं अब्रूची पर्वा सोडणं. आता विलायतेतही कुणी फारसं बोलत नाही असं.

पवनचक्की म्हणजे वाऱ्यावर फिरणारं जातं. मी थक्क! हात न लावता दळण... जन्मभर खुंटा ओढलेल्या बाईला याहून मोठं नवल कुठलं?

फ्रान्सात म्हणे गोष्ट सांगणाऱ्याला शेवट सुचला नाही की तो म्हणायचा – तिनं टोपी चक्क्यांवरून फेकली, पुढं काय झालं ठाऊक नाही.

“म्हंजे शेवट ह्याला येईना, अन् बदनामी तिची?” मी फटकारलं.

तो मोठ्यानं हसला आणि पुढच्या बाजारीही भेटायला सांगून गेला.

आमचं बोलणं दीर दत्तोबाच्या कानी गेलं. त्यानं बजावलं, पुन्हा महिपतीबरोबर दिसलीस तर घर बंद. मी कड्यावर महिपतीला गाठून सांगितलं, आता भेटू नका.

“माझ्याशी पाट लावशील?” तो म्हणाला.

“गाव तोंडावर थुंकंल. तुमच्या न्हाई... माझ्या.”

त्यानं डोक्यावरचा पटका सोडला आणि दरीत फेकला. तो पडलाच नाही! कोकणातून चढणाऱ्या वाऱ्यानं त्याला वर उचललं. अख्खा लाल पटका उलगडत आमच्या डोक्यांवरून, धुक्यातून, गावाकडं गेला.

आमच्याकडं पुरुष उघड्या डोक्यानं गावात शिरतो तो घरात मयत झाल्यावरच.

“आधी माझं नाव जाऊ दे,” तो म्हणाला. “तू न्हाई म्हणालीस तरी चालंल.”

धुकं निवळत होतं. खाली दत्तोबा दारात उभा दिसला.

मी पदर वाऱ्यावर सोडला नाही. त्याचा अर्धा महिपतीच्या डोक्यावर घातला.

“चला,” म्हटलं. “वाकून चाला जरा... ताणतोय.”