मी सांगेपर्यंत

कुंदनला तुम्ही ओळखता. माझ्या चुलतभावाचा मुलगा, पंचवटीत राहतो तो. हे त्याच्याबाबतीत घडलं, गेल्या पौषातल्या अमावास्येला. जरा जवळ सरका. मोठ्यानं सांगायची गोष्ट नाही ही.

त्या संध्याकाळी त्याची आई त्याला म्हणाली, "खंडेरावनाना लय आजारी हाय म्हणत्यात. भेटून तरी ये." नानांचं गाव चांदवडच्या अलीकडं, हायवे सोडून आत. कुंदन मुद्दामच उशिरा निघाला. अंधारात गेलं म्हणजे कोणी तोंड बघत नाही.

त्याला कारण होतं. नाना, त्याचे लांबचे काका, गुजरातेत तेलाच्या विहिरीवर कामाला होते. कुंदनला तिथं त्यांनीच चिकटवलं. लोखंडी पाइप एकमेकांत बसवायचे आणि यंत्रावरच्या अवजड पान्यानं आवळायचे, हे काम. नाना हातानं पाना लावायचे, हात काढून घेतला की आवाज द्यायचे, मग कुंदननं यंत्राचा दांडा ओढायचा, म्हणजे पाना फिरायचा. एकदा मोबाइल बघता बघता त्यानं दांडा आधीच ओढला. नानांचा उजवा हात मनगटापासून गेला.

चौकशीत साहेबांनी विचारलं, तेव्हा कुंदन म्हणाला, "नानांनी आवाज दिला, म्हणून ओढला." झालं. चूक नानांची ठरली. गावात तर ते पिऊन होते असंही पसरलं. डाव्या हातानं जेवावं लागतं म्हणून नाना पुन्हा कुठल्या पंगतीला बसले नाहीत. आणि कुंदन पुन्हा त्यांच्या दारात गेला नाही.

तर कांद्याच्या वावरांमधून मोटारसायकल चालली होती. थंडी मी म्हणत होती. रस्त्याखालच्या मोरीपाशी गाडीच्या दिव्याच्या उजेडात एक माणूस दिसला. अंगावर घोंगडी. कुंदननं ब्रेक दाबला.

"नाना, तुम्ही? बरं नव्हतं ना तुम्हाला?"

"आता बरं हाय. गाडी बंद कर."

त्यानं गाडी बंद केली. दिवा विझला.

"तंबाखू मळायचीय. एका हातानं होत नाय. तुझा हात दे."

कुंदननं हात पुढे केला. तळव्यावर तंबाखू पडली. मग चुना. मग अंगठा... गार. हळूहळू फिरायला लागला.

"नाना, त्या दिवशी मी..."

"हलवू नको. सांडंल."

"नाना, मी साहेबांना..."

"मी सांगेपर्यंत हलवू नको."

अंगठा फिरत राहिला. कुत्रं भुंकत नव्हतं. रातकिडाही नाही. तळव्यावर एक थाप बसली... चिमूट उचलली गेली.

कुंदन तसाच उभा. हात पुढे. आता नाना सांगतील, मग हलवू...

कोणी सांगितलं नाही.

बऱ्याच वेळानं त्यानं गाडी चालू केली. उजेड पडला. मोरीवर कोणी नव्हतं.

नानांच्या अंगणात माणसं बसलेली दिसली. आत नाना निजवलेले, गळ्यापर्यंत चादर. उशाशी त्यांची बायको, कलाबाई.

"दिवस मावळताना गेले," कोणीतरी सांगितलं. लेक लांबून यायची होती, म्हणून सकाळपर्यंत ठेवणार होते.

कुंदन कलाबाईसमोर खाली बसला आणि सगळ्यांदेखत बोलला. "काकू, नानांनी आवाज दिलाच नव्हता. चूक माझी होती. मी खोटं बोललो."

कलाबाईनं नानांवरची चादर नीट केली. मग म्हणाली, "हे ते असताना सांगायचं व्हतं, बाबा."

रात्रभर कुंदननं मान वर केली नाही.

सकाळी लेक आल्यावर नानांना अंघोळ घालायला घेतलं. शेवटचे काही दिवस त्यांच्या पोटात पाण्याशिवाय काही गेलं नव्हतं. प्राण गेल्यावर त्यांचं तोंड कलाबाईनं स्वतः पुसलं होतं. चेहऱ्यावर पाणी ओतताना खालचा ओठ जरा सुटला.

आत चिमूटभर तंबाखू होती. नुकतीच मळलेली. चुन्याचा वास येत होता.

"ही कुणी दिली?" कलाबाईनं विचारलं.