नऊ चुन्याच्या डब्यांचं कोडं

"दशम्या मी आणणार, पाणी मुजम्मिल आणणार. आणि दीपाली काय आणणार?"

"तोंड!" मुजम्मिल म्हणाला. "दिवसभर चालणारं. चार्जिंगसुद्धा लागत नाही त्याला!"

समृद्धी खो खो हसली. दिवाळीची सुट्टी संपायला अजून आठ दिवस होते आणि नळदुर्गचा किल्ला काही फार लांब नव्हता. बेत अगदी पक्का! मुजम्मिलच्या अब्बांच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात, तांब्याच्या तारांच्या भेंडोळ्यांमध्ये बसून दोघं यादी करत होते. दोघंही आठवीतले.

तेवढ्यात दीपालीच धावत आली. आणि गंमत म्हणजे तिचं तोंड बंद होतं! दहा वर्षांची दीपाली गप्प म्हणजे अणदुरात काहीतरी भयंकर घडलंय, हे दोघांनाही माहीत होतं.

"काय झालं गं?" समृद्धीनं विचारलं.

"दिवे... काल परत विझले. ऐन रस्त्यात! ट्रकवाल्यानं कचकन ब्रेक मारला म्हणून वाचलो. पण कळप बावचळला, आन् चिंगीचा पाय मुरगळला!"

चिंगी म्हणजे दीपालीचं लाडकं कोकरू. आणि दिवे म्हणजे समृद्धीच्या चार्जरवर भरणारे दिवे!

दीपालीचा आज्जा, म्हणजे बिराप्पा, ऐंशी मेंढरं राखायचा. मेंढरांचा वाडा हायवेच्या अलीकडे आणि चरायचा माळ पलीकडे. दिवाळीनंतर दिवस लवकर मावळतो, सहालाच अंधार. त्या अंधारात हायवे ओलांडायचा म्हणजे जिवाशी खेळ! म्हणून बिराप्पानं सोलापूरहून सायकलचे नऊ लुकलुकणारे लाल दिवे आणले होते. ते मेंढरांच्या गळ्यात बांधले, की लांबूनच ट्रकवाले दबकायचे. प्रत्येक दिव्यात अंगठ्याएवढी बॅटरी, पुन्हा पुन्हा भरता येणारी. पण चार्जर? "तो वेगळा मिळतो," असं म्हणून दुकानदारानं हात वर केले होते!

मग काय, समृद्धीनं चार्जर घरीच बनवले. एक नाही, नऊ! बाजारात नखाएवढी चार्जिंगची पट्टी मिळते. तिच्या एका टोकाला मोबाइलच्या चार्जरची पिन बसते, दुसऱ्या टोकाला दोन तारा जोडायच्या. पण छोट्या बॅटरीला मोबाइलसारखा दणकून करंट दिला तर ती तापते, फुगते. लहान बाळाला काय कोणी पैलवानाचा घास भरवतं? म्हणून तिनं पट्टीवरचा तिळाएवढा रेझिस्टर काढून दुसरा लावला, म्हणजे करंट हळूहळू जाईल. मुजम्मिलच्या अब्बांनी मीटर लावून एकेक चार्जर तपासला, तेव्हाच ते बाहेर पडले.

आणि हे सगळं कशात बसवलं? तर प्लॅस्टिकच्या चुना-तंबाखूच्या डबीत! डबीला दोन खण. चुन्याच्या खणात पट्टी, तंबाखूच्या खणात बॅटरी, आणि तिच्या दोन्ही टोकांना पितळेच्या पत्र्या. लाल दिवा म्हणजे बॅटरी भरतेय, हिरवा म्हणजे भरली. डब्या दहादा धुतल्या तरी वास जाईना. "बॅटऱ्यांना व्यसन लागणार बघ!" असं मुजम्मिल रोज चिडवायचा.

आज मात्र त्याला काही चिडवावंसं वाटेना.

तिघं वाड्यावर पोचले तेव्हा बिराप्पा चिंगीच्या पायाला एरंडाचं पान बांधत होता.

"आज्जा, माझ्या चार्जरमुळं झालं का?" समृद्धीनं हळूच विचारलं.

"तुजा राग न्हाय पोरी," बिराप्पा म्हणाला. "पर इजणारा दिवा अंदारापरीस वाईट बग. अंदार आसला तर म्या धा डावं बगून पाऊल टाकतो. दिवा आसला की बिनघोर चालतो. आन् त्यो मधीच इजतो!"

"मग आता?"

"सुक्रवारपातुर बगतो. न्हायतर शनवारपासनं मेंढरं घिऊन पल्याडच्या माळावरच ऱ्हातो. ओलांडायलाच नगं."

"आज्जा, तुमी तिथं उघड्यावर झोपणार? एकटे? एवढ्या थंडीत?" दीपालीनं विचारलं. आज्जाचं वय सत्तर. मागच्याच महिन्यात त्याला खोकल्यानं तुळजापूरच्या दवाखान्यात न्यावं लागलं होतं.

बिराप्पानं पानावर चिंधीची गाठ मारली.

बाहेर येताच समृद्धीनं वेणीला झटका दिला. "किल्ला जागचा हलत नाही! आधी हे कोडं सोडवायचं!"

चार्जर ठेवले होते कोंडीरामकाकांच्या दूध संकलन केंद्रात. घरी लाइट कधी येईल आणि कधी जाईल, नेम नाही. केंद्रात मात्र दुधाची फॅट मोजायच्या मशीनसाठी इन्व्हर्टर होता. दीपाली रोज सकाळी बॅटऱ्या पोचवायची, दुधाची गर्दी ओसरली की काका त्या डब्यांत घालायचे आणि चारला दीपाली घेऊन जायची.

"आलं का शास्त्रज्ञांचं शिष्टमंडळ!" काकांनी ओल्या फडक्यानं फळी पुसता पुसता स्वागत केलं. सकाळी आल्या आल्या सगळं केंद्र पुसून काढायची त्यांना सवयच होती.

"काका, काल बॅटऱ्या भरल्या होत्या का नीट?"

"माझे डोळे फुटलेत का? नऊच्या नऊ हिरवे! घातल्या घातल्या हिरवे! तुमच्या डब्यांत करंटाऐवजी चुनाच शिल्लक असंल, त्याला मी काय करू?"

"काका, तुम्ही कधी..."

"हे बघा, माझी फळी मोकळी करा शनिवारी. लई झाले हे खेळ!"

त्या दिवशी, म्हणजे बुधवारी, तिघांनी केंद्राच्या पायरीवर ठाण मांडलं. डब्यांत बॅटऱ्या गेल्या. नऊ लाल दिवे लागले. दुपारी साडेतीनला एकेक करत हिरवे झाले. संध्याकाळी कळप झकास पार! गुरुवारीही तेच. सगळं सुरळीत!

"भूत सुट्टीवर गेलं वाटतं," दीपाली पुटपुटली.

मुजम्मिलनं मात्र वहीत रकाने आखले होते. "इकडे बघा. पहिल्यांदा दिवे विझले तो शुक्रवार. मग परवाचा मंगळवार. मधले सगळे दिवस ठीक. म्हणजे मंगळवार-शुक्रवारी काहीतरी होतंय!"

"मंगळवारी-शुक्रवारी लाइट जाते?" समृद्धीनं विचारलं.

"इन्व्हर्टर आहे की!"

"मग बाजार? उपास?"

"बॅटऱ्यांचा उपास!" दीपाली ओरडली, आणि तिघंही हसत सुटले. पण कोडं तसंच राहिलं. आणि उद्याच तर शुक्रवार!

शुक्रवारी आठ वाजताच तिघं दुधाच्या रिकाम्या कॅनांमागे दबा धरून बसले. काकांनी सगळं पुसलं, मग दुधाची रांग लागली. साडेआठला टँकर आला तसे काका बाहेर गेले.

"माझ्या पायाला मुंग्या आल्या," मुजम्मिल कुजबुजला.

"मुंग्यांना गप्प बस म्हण!" समृद्धीनं दटावलं.

तेवढ्यात मागचं दार कुरकुरलं. तिघांनी श्वास रोखला. आत कोण आलं? तर शिवम्माआज्जी! कोंडीरामकाकांची आई. हातात पितळी ताटली. तिनं आधी फॅट मशीनला हळदी-कुंकू लावलं. मग वजनकाट्याला. मग इन्व्हर्टरला.

"सांभाळ गं बाई माज्या लेकाचं दुकान," ती म्हणत होती. मग ती फळीपाशी आली आणि तिचा सुरकुतलेला चेहरा खुलला. "आन् तुमी गं? एवडुश्या एवडुश्या! मेंढरं राखताय न्हवं बिराप्पाची? तुमाला कशी ईसरंन!"

तिनं ओल्या हळदीत अंगठा बुडवला. पहिल्या डबीच्या उघड्या खणात, पितळेच्या पत्रीवर, दाबून टिळा! दुसऱ्या पत्रीवर कुंकू! मग दुसरी डबी. मग तिसरी. नऊच्या नऊ डब्यांची साग्रसंगीत पूजा करून आज्जीनं हात जोडले आणि ती निघून गेली.

कॅनांमागे तीन तोंडं उघडीच राहिली.

"मंगळवार... शुक्रवार..." मुजम्मिलनं कपाळावर हात मारला. "देवीचे वार!"

टँकर गेला, काका आत आले. तोवर हळद वाळून खडखडीत झाली होती. इकडे तिकडे न बघता, फोनवर बोलत बोलत त्यांनी डब्यांत बॅटऱ्या कोंबल्या आणि पिना लावल्या. नऊ हिरवे दिवे!

"थांबा काका!" समृद्धी ताडकन उठली. एक कॅन गडगडत थेट काकांच्या पायाशी.

"अरेच्चा! तुम्ही इथं काय करताय?"

"काका, रिकामी बॅटरी एका मिनिटात कशी भरेल?"

"ते मला काय विचारतेस? दिवा हिरवा आहे!"

समृद्धीनं काही न बोलता एका डबीतली बॅटरी उचलून हातात घेतली. दिवा हिरवाच! दुसऱ्या डबीतली काढली. हिरवाच!

"या अल्ला!" मुजम्मिल म्हणाला. "पोट रिकामं, आणि ढेकर देतोय!"

"बॅटरीच नसली तरी हा हिरवाच दाखवतो," समृद्धी म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "हे मला माहीत असायला हवं होतं. बनवताना मी रिकामी डबी कधी लावूनच बघितली नाही! वाळलेल्या हळदीतून करंट जात नाही. म्हणून डबीला वाटतं, आत कोणी नाहीच. आदल्या दिवशीच्या उरलेल्या चार्जिंगवर दिवे कसेबसे पेटायचे आणि रस्त्यात मान टाकायचे. दुसऱ्या दिवशी काका फडकं मारायचे, की सगळं पुन्हा ठीक!"

काकांनी डबीत डोकावून पाहिलं. मंगळवारीही त्यांनी असंच एकदा डोकावलं असतं तर! पण फोनवर बोलत काम करणाऱ्याला डबीचा तळ कुठला दिसायला? त्यांचा चेहरा आधी पडला, मग तापला.

"आईला शंभरदा सांगितलंय, मशीनला हात लावू नको म्हणून! आता बघतोच..."

"न्हाय काका!" दीपाली दोन्ही हात पसरून दारात उभी राहिली. "आज्जीला रागवायचं न्हाय! ती आमच्या मेंढरांसाठीच करती!"

साडेनऊ वाजत आले होते. बॅटऱ्या भरायला सहा तास. वादाला वेळच नव्हता! तिघांनी फडकं घेतलं, काकांच्या टेबलातली खोडरबरं काढली आणि पितळेच्या पत्र्या घासायला लागले. काकाही गुपचूप एक खोडरबर घेऊन बसले.

आणि नेमकी तेव्हाच शिवम्माआज्जी दारात!

"काय पुसताय रं पोरांनो?" तिचा आवाज एकदम बारीक झाला. "म्या लावल्यालं कुंकू पुसताय व्हय?"

सगळे गारठले. काकांची मान खाली. मुजम्मिलनं खोडरबर पाठीमागे लपवलं. समृद्धीला वाटलं, खोटं सांगावं. माशी बसली होती म्हणावं! पण आज्जीच्या डोळ्यांकडे बघून ते जमेना. ती उठली आणि आज्जीचा हात धरून तिला फळीपाशी घेऊन आली.

"आज्जी, एक सांगा. तुम्ही देवीला हळद कुठं लावता?"

"कुटं म्हंजे? कपाळाला."

"तोंडात घालता का कधी?"

"येडी का काय! तोंडात हळद कोंबल्यावर देवी जेवंल कशी?"

"आज्जी, हे डबीचं तोंड आहे," समृद्धीनं उघड्या खणावर बोट ठेवलं. "हिला इथूनच जेवायला मिळतं. आणि तोंडात हळद बसली, म्हणून आपल्या डब्या मंगळवारी-शुक्रवारी उपाशी राहिल्या."

आज्जी बघतच राहिली. डबीकडे, मग समृद्धीकडे. दीपालीनं डोळे घट्ट मिटून घेतले.

"अगं माज्या कर्मा!" आज्जी म्हणाली. "दोन वार लेकरं उपाशी ठिवली म्या? मग हिचं कपाळ कुटं हाय, ती आदी सांगायचं न्हाय व्हय गं? मला म्हातारीला काय ठावं!"

"चूक माझीच आहे आज्जी. मी हिचं कपाळच काढून ठेवलं होतं!" समृद्धी तशीच घरी पळाली. तंबाखूच्या खणांची झाकणं तिनं बॅटरी घालायला-काढायला सोपं जावं म्हणून उतरवली होती. ती कपाटात एका पिशवीत पडली होती. ती घेऊन समृद्धी धापा टाकत परत आली, बॅटऱ्या आत गेल्या आणि नऊ डब्यांवर नऊ झाकणं खटाखट बसली.

"हे कपाळ! आता लावा काय लावायचं ते!"

शिवम्माआज्जीनं नऊ कपाळांना टिळे लावले. आत नऊ दिवे लागले. लाल, लाल, लाल! इतक्या आनंदानं लाल दिव्याकडे कोणी कधी पाहिलं नसेल!

पावणेचारला शेवटचा दिवा हिरवा झाला. समृद्धीनं प्रत्येक बॅटरी मीटरवर तपासली. आता नुसत्या दिव्यावर भरवसा नाही! काकांनी मोटारसायकल काढली. "द्या इकडं. माळावर मी नेऊन देतो. चुकी माझीपण आहे," ते हळू आवाजात म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून अणदुरात आजवर कोणी ऐकलं नव्हतं!

सहा वाजले. अंधार पडला. हायवेच्या अलीकडे तिघं, कोंडीरामकाका आणि काठी टेकत आलेली शिवम्माआज्जी उभी होती. पलीकडे काळोखात काहीच दिसेना.

"पेटले नाहीत..." दीपालीनं समृद्धीचा हात करकचून धरला.

एक लाल ठिपका लुकलुकला. मग दुसरा. मग चार. मग नऊ! काळोखातून जणू लाल काजव्यांची रांगच रस्त्यावर उतरली. लांबून एक भलामोठा कंटेनर येत होता. त्याचा वेग कमी झाला, आणखी कमी झाला, आणि तो चक्क थांबला. मागची वाहनंही थांबली. ऐंशी मेंढरं तुरुतुरु रस्ता ओलांडू लागली. मधल्या दुभाजकापाशी क्षणभर थबकली, पुन्हा निघाली. दिवे? नऊच्या नऊ चालू! सगळ्यात शेवटी खांद्यावर चिंगीला घेऊन बिराप्पा आला.

"आज्जा!" दीपाली त्याला जाऊन बिलगली. "शनवारी माळावर न्हाय ना जाणार?"

"कशाला जातो? घरी भाकरी गरम मिळती." बिराप्पानं मुजम्मिलच्या पाठीवर थाप मारली. मग शिवम्माआज्जीनं त्याला सगळी हकिकत सांगितली, स्वतःची चूक जरा जास्तच रंगवून. बिराप्पा पोट धरून हसला.

"शाळेत शिकलेलं सगळ्यांनाच येतं गं," आज्जी समृद्धीच्या गालावरून बोटं ओवाळून कडाकडा मोडत म्हणाली. "पर म्हातारीला लाज वाटू न देता शिकवायचं, ही तुजीच अक्कल!"

समृद्धीनं वाकून आज्जीच्या पायाला हात लावला.

बिराप्पानं चिंगीला खाली उतरवलं आणि हातातली काठी समृद्धीपुढे धरली. कळपाच्या पुढे चालायचा मान बिराप्पा सहसा कोणाला देत नसे. दीपालीच्या बापालाही त्यासाठी पाच वर्षं थांबावं लागलं होतं.

"घे पोरी. हितनं वाड्यापातुर म्होरं तू चाल. मेंढरं येत्यात तुज्या मागं."

समृद्धीनं काठी घेतली, दोन पावलं टाकली आणि भीतभीत मागे वळून पाहिलं. ऐंशी मेंढरं खरंच तिच्या मागून येत होती!