आवराआवर

भावजींना आमच्या अतिदक्षता विभागात आणलं तेव्हा पाय काळानिळा पडला होता आणि तोंड मात्र चालू होतं. पायात खिळा घुसला होता. जखम धुवायचाही त्यांना कंटाळा. माझ्या ताईच्या या नवऱ्याने आयुष्यात स्वतःचं उष्टं ताट उचललं नाही, तो पू कसला पुसतोय? तेही ताईनेच केलं.

संसर्ग रक्तात उतरला होता. संध्याकाळपर्यंत त्यांची शुद्ध गेली. मी तिथली डॉक्टर; ताईला सोप्या शब्दांत सांगितलं, "प्रत्येक पेशी आपला मोडकातोडका कचरा स्वतःच खाऊन साफ करते. एवढ्या मोठ्या आजारात ते काम तुंबतं. मग मूत्रपिंड, फुप्फुसं, एकेक अवयव बसत जातो."

"आणि यांचं?"

"तुंबलंय." जन्मापासूनच, हे मी गिळलं.

ताई त्यांचा हात धरून बसून राहिली. तिच्या मनगटावर भाजल्याचा डाग होता. साखर कमी पडली म्हणून भावजींनी याच हाताने तिच्यावर चहा भिरकावला होता.

मग अचानक बंद पडलेली लघवी सुरू झाली. ताप उतरला. जखम भरली, खपलीसुद्धा न धरता भरली.

"पहिल्यांदाच घर आवरायला घेतलंय या माणसाने," मी नर्सला म्हटलं.

ती हसली नाही. "मॅडम, यांच्या हनुवटीवर व्रण होता ना? काल मी दाढी केली तेव्हा होता."

रक्तातला संसर्ग जुन्या सळईपाशी हाडात साचलाय का, हे पाहायला मांडीचा एक्स-रे काढला. दारू पिऊन स्कूटरवरून पडले तेव्हा त्या मांडीत सळई बसवली होती. फोटोत सळई नव्हती. कुणा दुसऱ्याचाच फोटो दिला म्हणून मी तंत्रज्ञावर खेकसले. त्याने माझ्यासमोर पुन्हा काढला.

हाड कोवळ्या पोरासारखं स्वच्छ होतं. स्क्रूची भोकंही नव्हती.

मी त्यांच्या खाटेपाशी गेले. भावजी जागे होते. नेहमीचं ते छद्मी हसू चेहऱ्यावर कुठेच नव्हतं.

"नमस्कार. आपण डॉक्टर का?"

"अहो, मेहुणी मी तुमची. नाटकं पुरेत."

"हो का? छान," म्हणत त्यांनी हात पुढे केला.

मी माझे हात कोटाच्या खिशात घातले. का, ते मलाही सांगता आलं नसतं.

"ताई, त्यांचा हात सोड आणि घरी जा."

"राहू दे गं. इतकं हलकं वाटतंय मला."

तिचं मनगट मऊ, गोरं, नितळ होतं.

"डाग कुठे गेला?"

"कसला डाग?"

झालं! नवऱ्यावर पांघरूण घालण्यात हिचा हात कोण धरणार? मला तिचीही शिसारी आली.

"चहा फेकला होता त्यांनी तुझ्यावर!"

"यांनी?" ताई हसली. अगदी मनापासून.

मी तिच्या डोळ्यांत पाहिलं. ती काहीच लपवत नव्हती.

तेवढ्यात दार उघडलं. माझी भाची, ताईची एकुलती एक मुलगी, वसतिगृहातून धावत आली होती. खांद्यावरची बॅग टाकून तिने ताईला मिठी मारली.

"आई!"

ताईने तिच्या पाठीवर हलकेच थोपटलं आणि स्वतःला सोडवून घेतलं. मोकळ्या हाताने स्टूल पुढे सरकवलं. दुसरा हात अजून भावजींच्या हातात होता.

"बसा ना," ती अदबीने म्हणाली. "कोणाला भेटायला आलात तुम्ही?"